डालड्याच्या डब्यातली माळ

१

दौलतरावांची पाठ मी रोज सकाळी आठ वाजता धूत असे. रविवारीसुद्धा.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता तो. कारंज्यात एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात मी नर्स होते आणि दौलतराव त्यांचे जुने पेशंट. लकवा मारून दीड वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. घशातून एक 'हं' तेवढा निघायचा. पडून पडून माकडहाडावर बेडसोर झाला होता. मी पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा माझी मूठ आत बसेल एवढा खड्डा होता आणि तळाशी हाड दिसत होतं.

मला किळस येत नसे. याचा थोडा अभिमानच होता मला. अकोल्याला ट्रेनिंगला असताना बरोबरीच्या मुली नाकाला पदर लावून बाहेर पळायच्या, तेव्हा मी बेडपॅन धूत उभी असायची. माझे वडील ग्यानबा आसेगावला शेतमजूर. मी नर्स झाले त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "आपल्याले पाहून लोकं तोंड वाकडं करत, अंजने. तू कोनाले पाहून करू नको."

त्या लोकांत दौलतरावही होते. त्यांचं शेत आमच्याच शिवारात. लहानपणी मी आईबरोबर तिथं कापूस वेचायला जायची. तहान लागली की दौलतराव हात उंच धरून वरून पाणी ओतायचे आणि आम्ही खाली ओंजळ धरायचो. अर्धं पाणी कोपरावरून गळून जायचं. आता त्याच माणसाला मी कुशीवर वळवत होते, त्याची घाण पुसत होते. मनात सूड नव्हता. पण खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

मंगरूळ रस्त्याला नवीन वस्तीत त्यांचं सिमेंटच्या स्लॅबचं घर होतं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत खिडकीला लागून दौलतरावांचा लोखंडी पलंग. घरात ते आणि त्यांची बायको चतुराबाई, दोघंच. मुलगा जगदेव बंगलोरला कारखान्यात नोकरीला. धुण्याभांड्याला आमच्याच वस्तीतली गंगू यायची.

पहिल्याच दिवशी मी पलंगाजवळ वाकले तेव्हा डोक्याला काहीतरी मऊ, गार लागलं आणि खांद्यावर टपटप काही पडलं.

"सांभाळून वं बाई!" चतुराबाई ओरडल्या. "माळेले धक्का नका लावू."

मी वर पाहिलं. खिडकीच्या चौकटीवरच्या हुकाला दोरीच्या शिंक्यात डालड्याचा पिवळा डबा टांगलेला होता. त्यातून जाड जाड वेण्यांसारखे सात-आठ झुबके खाली लोंबत होते. प्रत्येक वेणी टपोऱ्या, टोकदार पानांनी गच्च भरलेली. पानं कसली, फुगलेल्या गोण्याच. निळसर राखाडी रंग, वर पिठासारखी पूड.

खांद्यावर पडलेलं पान मी झटकलं. म्हशीच्या कासेला चिकटलेला, रक्त पिऊन तट्ट फुगलेला गोचीड हातानं ओढून काढावा, तसा त्याचा स्पर्श होता.

२

झाड जगदेवनं दोन दिवाळ्यांमागं बंगलोरहून आणलं होतं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चतुराबाई त्याला 'माळ' म्हणत. गंगू त्यांच्या माघारी 'गोचिडाचं झाड' म्हणायची.

चतुराबाईंचा त्या झाडावर फार जीव. सकाळचं कोवळं ऊन त्यावर पडून गेलं की खिडकीचं अर्धं दार लोटून घ्यायच्या, दुपारचा चटका लागू नये म्हणून. गळलेली पानं वेचून एका परातीत कोरड्या मातीवर नुसती मांडून ठेवायच्या. त्यांना पाणी नाही, खत नाही. आठ-पंधरा दिवसांत पानाच्या देठाकडून केसांसारखी गुलाबी मुळं फुटायची आणि शेजारी मोहरीएवढा कोंब. जुनं पान मग चिरमटून जायचं, आतलं सगळं कोंबानं ओढून घेतलेलं.

"पाहा नं, कसं जगते," त्या मला कौतुकानं दाखवायच्या. "फेकून द्या कुठीबी, जीव धरतेच."

पाण्याची टंचाई होती. नळ चार दिवसांनी एकदा यायचा, तोही तासभर. दौलतरावांची पाठ धुवायला मला गंगू दीड तांब्या पाणी मोजून द्यायची. म्हणून मी एकदा सहज विचारलं, "झाडाला पाणी कुठून घालता हो?"

"संक्रांतीपासून थेंब नाही घातला," चतुराबाई म्हणाल्या. "लागतच नाही त्याले."

तेव्हा एप्रिल संपत आला होता. त्या चहा आणायला आत गेल्या तेव्हा मी स्टुलावर चढून डब्यात बोट घातलं. माझ्यासाठी चहा वेगळ्या कपात यायचा, तो कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा, आणि मी तो चहा रोज तसाच ठेवून उठायची. डब्यातली माती राखेसारखी भुसभुशीत होती. कडेनं सुटून आली होती. अख्खं बोट आत गेलं तरी कुठं ओल लागली नाही, मुळंही लागली नाहीत.

झाड मात्र तट्ट भरलेलं होतं. मी आले तेव्हा वेण्या खिडकीच्या कट्ट्यापर्यंत होत्या. आता त्यातल्या तीन कट्टा ओलांडून गादीच्या कडेला टेकल्या होत्या.

अशी झाडं हवेतली ओल घेत असतील, असं मी मनाशी म्हणाले. हवा अशी होती की ओला टॉवेल दहा मिनिटांत खडखडीत वाळायचा.

३

बेडसोरची जखम कशी वागते हे मला चांगलं माहीत होतं. पू येतो, लस झिरपते. सकाळी गॉज काढायला जावं तर तो भिजून जड झालेला असतो आणि वासानं डोकं दुखतं. औषधात भिजवलेला गॉज भरून, पट्टी मारून, हवेची रबरी रिंग खाली देऊन आपण जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दौलतरावांचा गॉज कोरडा निघाला.

पट्टी एका बाजूनं सुटलेली होती. गॉज जागेवरच होता, पण वाळून कडक झालेला. मी तो चिमट्यानं उचलला आणि आत पाहिलं. पू नव्हता, लस नव्हती. खड्डा होता तेवढाच होता, पण आतलं मांस स्वच्छ, गुलाबी, कोरडं. कुणीतरी बोटानं पुसून घेतल्यासारखं. ताटातला शेवटचा भात निपटून खावा, तसं.

मी पेरॉक्साइड ओतलं. एरवी त्याचा फेस फसफसून वर येतो. त्या दिवशी आला नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खूष झाले. "अंजना, तुझ्या हाताला यश आहे." मीही खूष व्हायला हवं होतं. वाटेनं येताना मी स्वतःला बजावत होते, जखम सुधारते आहे, आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. गंगू मोरीवर चादर घासत होती. ती म्हणाली, "ताई, एक बरं झालं. पह्यले चादरीले किती डाग राहत. आता नुसती झटकली तरी होते."

"जखम वाळते आहे," मी म्हणाले.

"व्हय," गंगू म्हणाली. मग चादरीचं टोक पिळत हळूच पुढं म्हणाली, "पन मालक लय हलके झाले. काल मी एकटीनं उचलून सरकवले. हाडं निस्ती."

ते खरं होतं. भात-वरण, दूध वेळच्या वेळी जात होतं, चतुराबाई घास घास भरवत होत्या. तरी दंडाची कातडी लोंबत होती आणि बरगड्यांमध्ये बोट बुडत होतं.

४

पान सापडलं ते बुधवारी. बुधवार आठवतो, कारण त्या दिवशी डॉक्टरांनी मला नवा चिमटा दिला होता.

गॉज उचलला तर खाली, जखमेच्या वरच्या कडेला, एक पान होतं. पोट फुगलेलं, पूड झडलेली, त्यामुळं गडद हिरवं, चकचकीत. पट्टी सुटली, वरून पान पडलं, आत शिरलं, असं होऊ शकतं. मी चिमट्यात धरून उचलायला गेले.

ते आलं नाही.

मी जरा जोर लावला. जखमेची कड पानाबरोबर वर उचलली गेली, तंबूसारखी. मग चर्र असा अगदी बारीक आवाज झाला आणि पान सुटलं. देठाकडून गुलाबी मुळं लोंबत होती. दोन बोटं लांब. त्यांच्या टोकांना ओल होती. मुळं परातीतल्या पानांनाही येत, पण ती वाळक्या केसांसारखी असत. ही मऊ होती, आणि चिमट्यात धरलेली असताना आखडून घेत होती. किंवा माझा हात हलत असेल.

तोंडात पाणी सुटलं. ओकारीआधी सुटतं तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी ट्रेमध्ये पान ठेवलं आणि चिमट्यानं दाबलं. अशा झाडांच्या पानात पाण्यासारखा रस असतो, मी परातीतलं एक पान पूर्वी चिरडून पाहिलं होतं. हे पान फुटलं तेव्हा आतून पिवळट, दाट असं काहीतरी निघालं. वास आला. तो वास मी महिनाभर रोज घेत होते, आणि गेल्या आठवड्यापासून तो त्या खोलीतून नाहीसा झाला होता.

चतुराबाई दारात उभ्या होत्या.

"झाड इथून काढा," मी म्हणाले. "पानं जखमेत पडतात. जंतू होतील."

"झाडाले हलवलं का गळून जाते वं ते."

"गळू द्या की! माणूस महत्त्वाचा की झाड?"

चतुराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. मलाच काही कळत नाही, अशी त्यांची नजर होती. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी सकाळी अर्धा घंटा येता. दिवसभर मी असतो. वर्षभर हा मानूस दुखनं सोसून रडत होता. एका डोयातून पानी गळे. आता हप्ता झाला, एक डाव रडला नाही. काहून ते तुमी सांगा."

दौलतराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. "हं," ते म्हणाले.

५

तरी मी ऐकलं नाही. डॉक्टरांचं नाव पुढं केलं, म्हटलं, त्यांनी सांगितलंय. चतुराबाईंनी मग शिंकं सोडलं आणि डबा मागच्या पडवीत नेऊन टांगला. वाटेत पन्नासेक पानं गळली. गंगूनं झाडूनं गोळा केली. झाडताना ती पाय उचलून उचलून चालत होती.

डबा हलवताना मी एक पाहिलं. गादीला टेकलेल्या तीन वेण्यांची टोकं बाकीच्यांसारखी पानांनी भरलेली नव्हती. हातभर लांब नुसता देठ होता, गुलाबीसर, गांडुळासारखा वळ्यावळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी गॉज ओला होता. मला हायसं वाटलं, हे माझं मलाच विचित्र वाटलं. तिसऱ्या दिवशी पू आला. चौथ्या दिवशी अंगात ताप भरला, एकशे तीन. दौलतराव विव्हळत होते. शब्द नव्हते, पण आवाज रस्त्यापर्यंत येत होता. डाव्या हातानं ते खिडकीकडं काहीतरी चाचपडत होते. डॉक्टर स्वतः येऊन पेनिसिलीन देऊन गेले. बाहेर येताना मला म्हणाले, "म्हातारा काही आठवडा काढत नाही."

पाचव्या दिवशी मी गेले तर घर शांत होतं. दौलतराव झोपले होते. ताप उतरला होता. शिंकं परत खिडकीवर होतं.

"तुमच्या डॉक्टरले सांगू नका," चतुराबाई म्हणाल्या. आवाजात विनवणी होती. "मी त्याइचं रडनं नाही पाहू शकत, बाई. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाले."

मी पट्टी सोडली. कोरडी. आत पाहायला मी वाकले नाही. गॉज घाईनं भरला आणि हात धुवायला मोरीवर गेले. दीड तांब्या पाणी सगळं मी हातांवरच संपवलं.

पेनिसिलीननं ताप उतरला असणार. दुसरं काय?

६

मेच्या शेवटी चतुराबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, शिरपूरला. तीन दिवस जायचं होतं. गंगूनं जेवण भरवायचं आणि मी सकाळ-दुपार दोनदा यायचं असं ठरलं. निघताना चतुराबाई पलंगापाशी उभ्या राहिल्या. आधी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, मग माळेकडं पाहिलं.

"याले काई करू नका," त्या मला म्हणाल्या. "हात लावू नका, बस."

दुपारी मी गेले तेव्हा गंगू मागच्या अंगणात भांडी घासत होती. मधल्या खोलीत उकाडा होता. वाळ्याचा पडदा पाण्याअभावी वाळून कडकडीत झाला होता, पंखा गरम हवा फिरवत होता. मी पिशवीतून कात्री काढली. गॉज कापायची मोठी कात्री. माझं ठरलं होतं. चतुराबाई यायच्या आत झाड तोडायचं, जाळायचं. ताप आला तर पेनिसिलीन आहे. माणूस दुखण्यानं मेला तरी माणसासारखा मरेल.

आधी दौलतरावांना कुशीवर घ्यावं म्हणून मी खांद्याखाली हात घातला. ते वळले नाहीत. पुन्हा ओढलं. गंगू ज्यांना एकटीनं उचलत होती, ते मला सरकेनात. आणि डोक्यावर शिंकं हललं. डबा पलंगाच्या बाजूला कलंडला, तीन वेण्या ताणल्या गेल्या.

मी चादर उचलली. वेण्या गादीच्या कडेवरून आत गेल्या होत्या. दौलतरावांच्या पाठीखाली. त्या पुढं कुठं जातात हे पाहायला मला आणखी थोडं वाकावं लागलं असतं. मी वाकले नाही.

मी स्टुलावर चढले. डब्यापाशी, वरच्या टोकाला, दौलतरावांच्या अंगापासून चार हात दूर, पहिल्या वेणीवर कात्री ठेवली. आणि दाबली.

"दुखते वं माय!"

शब्द स्पष्ट होते. दीड वर्षांत त्या खोलीत कुणी न ऐकलेला तो आवाज मी ओळखला. शेतात बांधावर उभं राहून हाक मारायचे, तोच. मी खाली पाहिलं. दौलतरावांचे डोळे माझ्यावर होते. तोंड उघडं होतं की मिटलेलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आज आठवत नाही. कापलेल्या देठातून एक थेंब निघाला, दुसरा निघाला, माझ्या मनगटावरून बाहीत गेला. तो गरम होता. त्या खोलीत सगळंच गरम होतं, हे मला कळत होतं. तरी तो थेंब ज्या मापानं गरम होता ते माप नर्सला हाताला कळतं. थर्मामीटर लागत नाही.

मला किळस आली. झाडाची आली, त्या थेंबाची आली, पण सगळ्यात जास्त त्या माणसाची आली. माझ्याकडं लावलेल्या त्या ओल्या डोळ्यांची. पायाखालच्या स्टुलासकट मी खाली आले, अंगणात पळाले आणि धुण्याच्या दगडापाशी ओकले.

"काय झालं, ताई?" गंगू राखेचे हात घेऊन धावली.

"ऊन लागलं," मी म्हणाले. "तू त्यांना पाहा. मी संध्याकाळी येते."

गेले नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. वस्तीतल्या माझ्या खोलीबाहेर मी बादली घेऊन बसून होते आणि मनगट घासत होते. वडिलांचं वाक्य आठवत होतं. ते आठवूनही मी उठले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दौलतराव कसे आहेत?"

"बरे आहेत," मी सांगितलं.

७

चौथ्या दिवशी सकाळी गंगू बोलवायला आली. चतुराबाई लग्नाहून परतल्या होत्या.

त्या दारातच भेटल्या. हातात लग्नाच्या नव्या बांगड्या, चेहरा उजळलेला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. त्यांनी मला हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"पाहा तं खरं, बाई. तुमीच पाहा."

मी कापलेली वेणी शिंक्याला नव्हती. ती गादीवर होती, आणि सुकली नव्हती. बाकीच्या वेण्या आखूड झाल्या होत्या, डब्यातली कितीतरी जागा रिकामी दिसत होती. चतुराबाईंनी चादर बाजूला केली आणि दौलतरावांना वळवायला मला खूण केली. आम्ही दोघींनी मिळून वळवलं. जड होते. हाडं हाताला लागली नाहीत.

पट्टी नव्हती. खड्डाही नव्हता.

माकडहाडावर, जिथं माझी मूठ बसायची, ती जागा भरून आली होती. आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडी वरच, फुगीर, तुळतुळीत, ताणलेली. रंग निळसर राखाडी. मेलेल्या मांसाचाही असा रंग असतो, मी मनात म्हणाले, गँगरीनचा असतो. गँगरीन असं टवटवीत दिसत नाही.

मी अंगठा टेकवला. बाकीची पाठ उन्हानं तापलेली होती. तेवढी जागा माठासारखी थंड. आणि अंगठा उचलला तेव्हा तिथली पूड माझ्या अंगठ्याला आली होती, आणि खाली चकचकीत गडद हिरवा ठसा उमटला होता. रेघा न् रेघा दिसत होत्या.

"भरली नं जखम?" चतुराबाईंनी विचारलं.

मी दौलतरावांच्या तोंडाकडं पाहिलं. ते शांत होते. गालावर एक सुरकुती नव्हती. डोळ्यात ना दुखणं, ना ओळख. पापणी हलायची मी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"भरली," मी म्हणाले.

दवाखान्यात येऊन मी पेशंटची वही उघडली, दौलतरावांचं पान काढलं आणि लिहिलं : जखम पूर्ण भरली. ड्रेसिंग बंद. खाली सही केली. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा वर केला. "कमाल आहे. एकदा मीच जाऊन पाहतो."

"काही गरज नाही, सर," मी म्हणाले. "मी नीट तपासलंय."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

८

पोळ्याच्या सुमाराला मला सरकारी नोकरी लागली, आसेगावच्या बाजूलाच. सामान घेऊन मी कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर मंगरूळच्या गाडीची वाट पाहत होते. तिथं गंगू भेटली.

"मी काम सोडलं, ताई," ती म्हणाली.

"कुठलं?"

"चतुराबाईच्या घरचं. मालकाचं ताटच नाही धुवाले. तीन महिने होत आले, खात नाहीत, पीत नाहीत."

"मग बारीक झाले असतील," मी म्हणाले. बोलताना मी तिच्याकडं पाहत नव्हते.

"नाई, ताई. भरले. लय भरले." गंगूनं पदर तोंडाशी नेला. "पलंगाच्या दोन्हीकून खाली आले. चादर झाकली राह्यते म्हून..." ती थांबली. "चतुराबाई कोनाले आत जाऊ देत नाहीत. लोकं इचारतात, तं तुमचं नाव सांगतात. बाईनं लिवून देल्लं म्हने, बरे झाले म्हून."

मी ट्रंकेच्या कडीला हात घातला.

"एक डाव पाहून येता का तुमी? तुमी नर्स आहा. तुमाले समजन. मले तं वाटते, ते अजूनही आत..."

"माझी गाडी लागली," मी म्हणाले.

गाडी लागली नव्हती. समोर उभी होती ती दारव्ह्याची, उलट्या दिशेची. मी ट्रंक उचलून तिच्यातच चढले, आणि ती सुटेपर्यंत मागं पाहिलं नाही.